तेरा वॉल्ट्झ आणि एक

एकच गझल उस्तादाने वाचली आणि मग त्याच्या शागिर्दाने वाचली, तर शब्द तेच असतात, वजनही तेच असते. पण ऐकू येतात ती दोन निराळी माणसे. मला पियानो वाजवता येत नाही. कवितेच्या मात्रा मोजण्यात आयुष्य गेल्याने एकच रचना दोघांनी कशी म्हटली, हे ऐकण्याची सवय मात्र लागली आहे. आज अशा तीन ध्वनिमुद्रणांविषयी बोलतो. रचना शोपँचे चौदा वॉल्ट्झ. वादक दोन : गुरू आल्फ्रेड कॉर्तो आणि शिष्य दिनू लिपाती.

वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा नाच. डाव्या हाताने ताल सोडू नये, उजव्याने मोकळे व्हावे, अशी शोपँची शिकवण त्याच्या शिष्यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर डाव्या हातात ठेका आणि उजव्यात गायक. गायक एखाद्या स्वरावर रेंगाळतो, पुढचे स्वर घाईने घेतो आणि हिशेब मिटवतो. याला इटालियन भाषेत ‘रुबातो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ चोरलेला. म्हणजे चोरलेला वेळ. दोन वादकांची तुलना करताना मी एवढेच पाहतो, की कोणी किती वेळ चोरला आणि तो परत कसा केला.

कॉर्तोने हे वॉल्ट्झ १९३४ मध्ये ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत. मध्ये बोट घसरले तर सबंध बाजू पुन्हा वाजवायची, नाहीतर चूक तशीच राहू द्यायची. कॉर्तोच्या चुका प्रसिद्धच आहेत. पण सी शार्प मायनर वॉल्ट्झ ऐका. त्यात एक गरगरणारी ओळ तीनदा परतून येते. कॉर्तोकडे ती दर वेळी नव्या मनःस्थितीत आल्यासारखी मला वाटते. तो उघडपणे चोरी करतो आणि आपण ती हसत माफ करतो.

लिपाती रुमानियाचा, जन्म १९१७ चा. व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याला दुसरे बक्षीस मिळाले, तेव्हा परीक्षक असलेल्या कॉर्तोने निषेध म्हणून मंडळ सोडले. मुलगा पुढे त्याच्याकडेच पॅरिसला शिकायला गेला. शिष्य गुरूसारखा मात्र झाला नाही. जुलै १९५० मध्ये जिनिव्हाच्या रेडिओ स्टुडिओत त्याने चौदाही वॉल्ट्झ मुद्रित केले, आपल्या पसंतीच्या क्रमाने. इथे चोरी कळतच नाही. स्वर स्वच्छ, ठेका हलका, आणि सगळा हिशेब चुकता. तेहतीस वर्षांचा हा माणूस हॉजकिनच्या आजाराने खंगला होता. कॉर्टिझोन या तेव्हाच्या नव्या औषधाने काही आठवडे बरे गेले, त्या आठवड्यांतले हे काम.

सोळा सप्टेंबरला फ्रान्समधील बझाँसाँ इथे त्याचा कार्यक्रम होता. डॉक्टरांचा सल्ला न जुमानता तो गेला. रेडिओने केलेले मुद्रण आज मिळते. आधी बाख, मोझार्ट, शूबर्ट, शेवटी वॉल्ट्झ. तेरा झाले. त्याच्या क्रमातला चौदावा, ए फ्लॅट मेजरमधला, वाजवण्याची ताकद उरली नव्हती. मग त्याने बाखची एक प्रार्थना वाजवली, अशी हकिगत सांगतात. दोन डिसेंबरला तो गेला.

अनेक वर्षे मी मित्रांना बझाँसाँचे मुद्रणच आधी ऐकवीत असे, आणि त्याआधी ही हकिगत सांगत असे. डोळे पाणावत. एकदा एका तरुणाला काही न सांगता दोन्ही ऐकवली. त्याला जुलैचे अधिक आवडले. मला राग आला, मग लाज वाटली. इतकी वर्षे मी कानाने ऐकत होतो की कळवळ्याने? लिपातीने त्या संध्याकाळी दया मागितली नव्हती. डावा हात तिथेही ठेका सोडत नाही. थोडी घाई आहे, काही स्वर रुक्ष आहेत; त्यांना मृत्यूची चाहूल म्हणणे हा आपला पदर जोडणे झाले.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. आधी कॉर्तो, चोरी ओळखता यावी म्हणून. मग जुलैचा लिपाती. त्याने विचारपूर्वक आपल्या हाती दिलेले तेच आहे. बझाँसाँ शेवटी, आणि हकिगत त्यानंतर. ते मुद्रण तेराव्या वॉल्ट्झपाशी थांबते. पुढचा ऐकायचा तर जुलैकडे परत जावे लागते. मी दर वेळी जातो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)