नाव मोठे, धार खोटी: खानदेशातील घडीच्या चाकूचा इतिहास

खानदेशातील लोखंडी अवजारांचा विचार करताना नांगराचा फाळ, बैलगाडीच्या चाकाची धाव, पहार, कुऱ्हाड आणि विळा यांची दखल सहसा घेतली जाते, परंतु कारकुनाच्या, शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या खिशात राहणारा घडीचा चाकू, म्हणजे ज्याचे पाते एका खिळ्याभोवती फिरून मुठीच्या खाचेत मिटते तो चाकू, या विचारातून बहुधा निसटतो. वास्तविक परदेशी कारखान्याचे नाव आणि त्या नावाखाली हाती पडणारा माल यांच्यातील अंतर समजून घेण्यास या वस्तूइतके सोपे साधन दुसरे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील शेफिल्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या दोन गावांची नावे चाकूच्या बाबतीत जगभर प्रमाण मानली जात असताना त्याच गावांतून निकृष्ट मालही मोठ्या प्रमाणावर बाहेर पडत होता, आणि त्याचा दोष केवळ नक्कल करणाऱ्यांवर टाकता येत नाही. त्यातला मोठा वाटा खुद्द नावाजलेल्या कारखानदारांचाच होता.

परदेशी चाकू येण्यापूर्वी लहान पात्याचे सर्वांत नाजूक काम लेखनाचे होते. मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्या बोरूने लिहिल्या जात, आणि बोरूच्या टोकाला तिरका काप देऊन मध्ये चीर पाडण्यासाठी कलमदानात एक बारीक, अतिशय धारदार चाकू ठेवावा लागे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर 1927 साली धुळ्यात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात जतन केलेली जुनी दप्तरे आणि त्याच शहरातील समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखिते पाहिली, तर अक्षराची जाडी-बारीकी एकसारखी राखण्यासाठी लेखकाला बोरू वारंवार कापावा लागत असणार हे सहज ध्यानात येते. अशा चाकूला जाड पाते चालत नसे. पाते पातळ आणि तरीही न वाकणारे असावे लागे, आणि हे पोलादाच्या घडणीतले अवघड काम आहे.

गावातील इतर सर्व पात्यांची जबाबदारी लोहाराकडे होती. लोहार हा बलुतेदार असल्यामुळे त्याला प्रत्येक वस्तूचा वेगळा दाम न मिळता सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने वार्षिक हक्क मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात बोथट झालेला विळा किंवा कुऱ्हाड शेवटून देणे, म्हणजे भट्टीत तापवून, ठोकून, नव्याने पाणी देऊन धारेवर आणणे, हे त्याचे कर्तव्य असे. पाणी देणे म्हणजे तापलेले पोलाद एकाएकी थंड करून कठीण करणे, आणि त्यानंतर ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा बेताने तापवणे; लोहार ही उष्णता लोखंडाच्या रंगावरून ओळखत असे. ज्या वस्त्यांत कायमचा लोहार नसे तेथे पाल ठोकून काम करणारे फिरते घिसाडी येत, तर केवळ धार लावण्याचे काम शिकलगार करीत. या व्यवस्थेत वाईट पाते बनत नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण वाईट पाते ज्याच्या हातून घडले त्याच्याच ऐरणीवर ते परत येत असे.

1818 साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले आणि कचेऱ्यांचे कागदकाम वाढले. 1860 नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने पुढे गेली. 1900 च्या सुमारास चाळीसगाव ते धुळे हा फाटा आणि सुरतेकडून अमळनेरला येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली. कापूस मुंबईकडे नेणाऱ्या याच रेल्वेने परतीच्या वाटेवर विलायती लोखंड, कापड आणि किरकोळ लोखंडी सामान आणले. मुंबई बंदरात उतरणारा माल घाऊक व्यापारी, अडत्या आणि किरकोळ दुकानदार अशा हातांतून आठवडे बाजारात पोहोचेपर्यंत तो कोणी घडवला हे सांगणारी एकच खूण उरत असे, ती म्हणजे पात्याच्या बुडाशी ठोकलेला शिक्का.

त्या शिक्क्यामागील व्यवस्था खानदेशातील गिऱ्हाइकाला दिसणे शक्य नव्हते. शेफिल्डमध्ये पाते घडवणारा, ते सहाणेवर घासणारा आणि मूठ बसवून चाकू जुळवणारा असे तीन वेगळे कारागीर असत. त्यांतले पुष्कळसे भाड्याच्या जागेत स्वतंत्रपणे काम करीत आणि नगावर मजुरी घेत, तर नामांकित पेढी अनेकदा त्यांच्याकडून माल घेऊन त्यावर स्वतःचे किंवा मागणी करणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव उमटवीत असे. परिणामी अनेक पेढ्यांच्या मालात पहिल्या प्रतीचे कुटलेले पोलाद आणि परदेशी बाजारासाठी स्वस्तात जुळवलेला माल यांच्यात मोठी तफावत पडे, आणि ती पाहून कळण्यासारखी नसे. ओतीव लोखंडाचे चाकू पोलादी म्हणून खपवण्याची चाल तर इतकी वाढली होती, की 1819 साली इंग्लंडच्या पार्लमेंटला खास कायदा करून हातोडीचे चिन्ह फक्त हातोडीने घडवलेल्या मालावरच उमटवण्याची सक्ती करावी लागली. जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही शेफिल्डची सर्वांत मान्यवर पेढी. तिच्या नावाच्या नकलेवरून 1840 च्या दशकात नोविल या दुसऱ्या चाकूवाल्याविरुद्ध झालेला खटला व्यापारी चिन्हांच्या इंग्रजी कायद्यात पुढे वारंवार उद्धृत झाला. जेथे नाव पाहूनच माल उचलला जातो, तेथे नावाची चोरी हा पोलाद सुधारण्यापेक्षा सोपा धंदा ठरतो.

जर्मन मालाची गोष्ट थोडी वेगळी आहे. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मन विभागाचे प्रतिनिधी असलेले यंत्रशास्त्रज्ञ फ्रान्झ रॉयलो यांनी आपल्याच देशाचा माल स्वस्त आणि वाईट असल्याचा जाहीर निर्वाळा दिला होता. इंग्लंडने 1887 साली आणि हिंदुस्थान सरकारने 1889 साली व्यापारी चिन्हांचे कायदे करून मालाच्या उगमाविषयी खोटी माहिती छापण्यास मनाई केली. या कायद्यांमुळे माल कोठे झाला हे कळू लागले, पण तो कसा झाला हे कळण्याची सोय त्यांत नव्हती, आणि खोट्या नावापासून मिळालेले संरक्षण खऱ्या नावाच्या निकृष्ट प्रतीविरुद्ध मुळीच उपयोगी नव्हते. झोलिंगेनने मात्र त्या जाहीर नाचक्कीनंतर यंत्रांच्या आधारे प्रत इतकी सुधारली, की शेफिल्डला स्वतःच्याच बाजारात त्याची धास्ती वाटू लागली. 1891 साली स्वित्झर्लंडच्या सैन्याला घडीच्या चाकूंची पहिली मोठी खेप पुरवण्याचे कामही झोलिंगेनच्याच वाट्याला आले, कारण तेवढा माल बनवण्याची ऐपत तेव्हा स्विस कारखान्यांत नव्हती.

घडीचा चाकू निराश करतो तो बहुतेक वेळा पात्यामुळे नव्हे, आणि ही गोष्ट जाहिरातींतून कधीच सांगितली जात नाही. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाते उघडे राहते ते मुठीच्या पाठीतील पोलादी कमानीच्या दाबामुळे. त्याला दुसरा कोणताही अडसर नसतो, त्यामुळे कमान मऊ राहिली तर काही महिन्यांत पाते डुलू लागते आणि जोर लावताच बोटांवर मिटते, तर कमान गरजेपेक्षा कठीण झाली तर ती एके दिवशी तुटते. कमानीचे पाणी नेमके साधणे हे पात्याला धार देण्यापेक्षा अवघड, पण दुकानात न दिसणारे काम असल्यामुळे स्वस्त प्रतीत पहिली काटकसर तेथेच होत असे. त्यात खानदेशचे हवामान. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारे तापमान, काळ्या जमिनीची बारीक धूळ आणि त्यानंतरचा दमट पावसाळा यांत हस्तिदंत, हाड किंवा शिंग यांच्या मुठी आकसतात आणि खिळ्यांपाशी तडकतात, धूळ सांध्यात बसते, आणि तेल न मिळालेली कमान आतून गंजते. यातील विरोधाभास असा, की मुठीसाठी लागणारे सांबराचे शिंग शेफिल्डला भारतातूनच जात होते; कच्चा माल येथला असूनही पक्क्या वस्तूची रचना ज्या हवेचा विचार करून केली होती ती हवा मात्र येथली नव्हती.

या निराशेतील सर्वांत ठळक प्रकरण विसाव्या शतकातले आहे. 1913 साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे 13 टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद तयार केले, परंतु चाकू बनवणाऱ्यांनी त्याला साध्या पोलादासारखेच तापवले आणि पाणी दिले, त्यामुळे पहिले चाकू धारच धरीनात आणि स्वतः ब्रिअर्लींची न कापणाऱ्या चाकूचा जनक म्हणून टिंगल झाली. साधे पोलाद आठशे अंशांच्या आसपास तापवून कठीण करता येते, तर या नव्या पोलादाला हजार अंशांपर्यंत न्यावे लागते. अर्नेस्ट स्टुअर्ट या चाकू कारखान्याच्या व्यवस्थापकाने पुन्हा पुन्हा प्रयोग करून ते साधले, आणि या पोलादाला डाग न पडणारे हे नावही त्यांच्यापासूनच रूढ झाले. जळगाव जिल्ह्याच्या दृष्टीने या शोधाला विशेष अर्थ होता. रावेर, यावल या केळीच्या तालुक्यांत केळफूल किंवा पिले कापताना पात्यावर चीक लागतो, आणि त्यातील टॅनिनमुळे साधे लोखंड काळे पडते. न गंजणारे पाते या दोषापासून मुक्त होते. परंतु त्याची धार गेली, की गावच्या भट्टीत ते नव्याने घडवण्याची सोय नसे, कारण रंगावरून उष्णता ओळखणाऱ्या लोहाराचा अंदाज या पोलादाला लागू पडत नाही. चकाकी टिकली, दुरुस्ती संपली.

स्वदेशीच्या चळवळीने 1905 नंतर परदेशी चाकूला पर्याय शोधला, आणि पंजाबातील वजीराबाद किंवा बंगालमधील कांचननगर येथील देशी चाकूंचे कौतुक होऊ लागले. पुढे रामपूरच्या चाकूला हिंदी चित्रपटांनी वेगळीच ख्याती मिळवून दिली. त्या ख्यातीचा उपयोग जत्रेतल्या दुकानांत पत्र्यातून कापलेल्या पात्यांना रामपुरी म्हणून विकण्यासाठी झाला, त्यामुळे मूळ कारागिरांचे नाव धोक्याचे आणि माल टाकाऊ अशी दुहेरी बदनामी त्यांच्या पदरी पडली. 1962 च्या शस्त्र नियमांनी नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला परवान्याच्या कक्षेत आणले, पण घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळले. खिशातला लहान चाकू या मर्यादेच्या कितीतरी आत राहिला.

1 एप्रिल 2001 पासून भारताने आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठवले आणि चिनी बनावटीचे घडीचे चाकू बाजारात सर्रास आले. त्यांतील काहींवर जुन्या युरोपीय आणि अमेरिकी पेढ्यांची नावे असतात आणि ती खोटी नसतात, कारण त्या पेढ्यांनीच स्वस्त प्रतीचे काम बाहेर दिलेले असते. शेफिल्डमध्ये जे एका गावातील कारागिरांच्या बाबतीत घडत होते तेच आता दोन खंडांच्या अंतराने घडते आहे. दरम्यान, लोहार ट्रकच्या कमानीचा जुना पाटा कापून विळे आणि कोयते घडवतात. त्या पोलादात कार्बन पुरेसा असतो आणि त्याला पाणी देण्याची रीत त्यांना ठाऊक असते, म्हणून शेतीच्या कामात असे पाते कित्येक नामांकित चाकूंपेक्षा जास्त काळ टिकते. त्यावर कोणाचाही शिक्का नसतो आणि दुकानाच्या काचेत ते कधी दिसत नाही. रॉजर्सची पेढी मात्र 1971 साली वोस्टेनहोम या तिच्या जुन्या प्रतिस्पर्धी पेढीशी एकत्र झाली, आणि त्यानंतर दोन्ही नावांची मालकी हस्तांतरित होत राहिली.