लडाखचं घर आणि आमचं माळवद

लेहमधली ही माझी दुसरी पोस्टिंग. पहिल्यांदा आलो तेव्हा लेफ्टनंट होतो. एनडीए आणि आयएमएचा तोरा अजून उतरला नव्हता, आणि थंडी ही मनाने जिंकायची गोष्ट आहे असा माझा समज होता. तो एका रात्रीत गेला.

आमची एक चौकी पत्र्याच्या शेडमध्ये होती. आत रॉकेलची बुखारी. ज्यांनी ती वापरली आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: लोखंडी नळकांडं, वरून थेंब थेंब पडणारं रॉकेल आणि धूर बाहेर नेणारी चिमणी. त्या रात्री चिमणीत बर्फ धरला. पहारा बदलायला गेलेल्या हवालदाराने हाका मारल्या, आतून उत्तर नाही. दार लाथेने उघडलं, दोघांना ओढून बाहेर काढलं. ओठ चेरीसारखे लाल, जाग नाही. दोघंही वाचले. एक आमच्याच सातारा जिल्ह्यातला होता, आजही दिवाळीला फोन करतो. पण तेव्हापासून 'घर गरम ठेवणं' हा शब्दप्रयोग मला साधा वाटत नाही.

यंदा पुन्हा लेहला आलो आणि त्याच महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. आमचं गाव माण तालुक्यात. वडिलांच्या मागे जुनं माळवदाचं घर तसंच उभं आहे. पावसाळ्यात एका खणाची तुळई वाकली. "दादा, आता पाडू या. मिस्त्री म्हणतोय चार महिन्यांत स्लॅब टाकून देतो. तू फक्त हो म्हण." माझ्या निवृत्तीला फार वर्षं राहिलेली नाहीत आणि राहायचं तिथेच आहे. मी म्हणालो, थांब थोडा. का थांब, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नाही.

लेहजवळच्या एका गावात लडाख स्काउट्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. सगळे त्यांना मेमे-ले म्हणतात. मेमे म्हणजे आजोबा, 'ले' हा आपल्या 'जी'सारखा. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे खारट चहा प्यायला जातो. जानेवारीत बाहेर उणे अठरा असताना त्यांच्या घरात मी कोट काढून बसलो होतो. चूल विझलेली होती.

त्यांचं जुनं घर दुमजली. खाली गुरं आणि साठवण, वर माणसं. गुरांच्या अंगाची ऊब वर चढते. पाया दगडाचा, भिंती कच्च्या विटांच्या, हातभर जाडीच्या. उत्तरेच्या भिंतीला जवळजवळ भोकच नाही, खिडक्या दक्षिणेला. मधोमध हिवाळ्यात राहायची खोली, तीच स्वयंपाकघर, चांसा. थंडीचे चार-पाच महिने सगळं घर तिथेच. छत सपाट. पॉपलरच्या तुळया, त्यांवर विलोच्या बारीक काठ्या दाटीने लावलेल्या, मग गवत, मग माती. सगळ्यात वर मर्कलक नावाची चिकण माती, पाणी जिरू नये म्हणून. आणि त्या छतावर हिवाळ्याचा चारा आणि जळण रचून ठेवलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं जागा नाही म्हणून वर ठेवतात. खरं म्हणजे ते घराचं पांघरूण आहे. हिवाळा सरेल तसं ते वापरलं जातं, आणि वसंतात छत मोकळं होतं तेव्हा पांघरूण लागत नाही.

या घराचा हिशेब एकाच गोष्टीवर बसवलेला आहे: जळण नाही. साडेतीन हजार मीटर उंची, वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. झाड उगवतं ते ओढ्याकाठी, माणसाने लावलेलं, आणि ते तुळईसाठी राखायचं. जाळायला शेण, काटक्या, माळावरची बुर्त्सेसारखी झुडपं. हे सगळं उन्हाळाभर पाठीवरून आणायचं. जे घर जास्त जळण खाईल ते घर चालणारच नाही. सतराव्या शतकात सेंगे नामग्यालने बांधलेला लेहचा नऊ मजली राजवाडाही त्याच शाळेतला, दगड, माती, लाकूड आणि वर जाताना आत कलत जाणाऱ्या भिंती. राजा झाला तरी त्याला वेगळं सामान मिळणार कुठून?

हे शतकानुशतकं चाललेलं गणित बिघडलं कसं, याचं उत्तर सांगताना आम्हा फौजींना थोडं अवघडल्यासारखं होतं. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या वाळूत डकोटा उतरवलं. ती धावपट्टी सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने गावकऱ्यांना हाताशी धरून तयार केली होती. त्या विमानाने लेह वाचलं, यात शंका नाही. मग 1962 च्या आगेमागे श्रीनगरहून झोजिलावरून मोटाररस्ता आला. रस्त्यावरून आम्ही आलो, आमच्यामागे रॉकेल आलं, पत्रा आला, सिमेंट आलं. पुढे 1974 मध्ये पर्यटकांना दार उघडलं. हातात रोख पैसा आला आणि रॉकेल स्वस्त मिळू लागलं. मग छतावर चारा कशाला रचायचा? गुरं कमी झाली. उत्तरेच्या भिंतीत रस्त्याकडे बघणाऱ्या मोठ्या खिडक्या आल्या. काँक्रीटमधून उष्णता मातीच्या साधारण दुप्पट वेगाने पळते, आणि हे ठोकळे मातीच्या भिंतीच्या निम्म्या जाडीचे. घर देखणं, आत बर्फाची पेटी. ती गरम करायची तर दिवसरात्र बुखारी. आमची पत्र्याची शेड त्याच घराची थोरली बहीण. फरक इतकाच की आमचं रॉकेल सरकार भरत होतं, त्यामुळे हिशेब कोणी केला नाही.

गंमत अशी की उलट्या वाटेची सुरुवातही बाहेरच्या कल्पनेनेच झाली. काळी रंगवलेली जाड भिंत, तिच्यापुढे चार बोटांवर काच, भिंतीला खाली आणि वर झरोके. दिवसा काचेमागची हवा तापून वरच्या झरोक्यातून खोलीत शिरते, खालच्यातून थंड हवा बाहेर ओढली जाते. रात्री झरोके बंद केले की भिंतीत साठलेलं ऊन हळूहळू आत झिरपतं. फूटभर जाडीच्या मातीतून ते आत पोचायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन बरोबर झोपायच्या वेळेला हजर. अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी 1881 मध्येच याचं पेटंट घेतलं होतं आणि जग ते विसरलं. 1967 मध्ये फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरांत ओदेयो इथे फेलिक्स ट्रॉम्ब आणि वास्तुकार जॅक मिशेल यांनी तशी भिंत असलेलं घर बांधलं आणि नाव पडलं ट्रॉम्ब वॉल. 1970 च्या दशकाच्या शेवटी हेलेना नॉर्बर्ग-हॉज आणि त्यांच्या लडाखी सोबत्यांनी ती लडाखमध्ये आणली. त्यांच्याच कामातून 1983 मध्ये एलईडीईजी ही संस्था उभी राहिली. लडाखी माणसाला यात नवी होती ती काच. जाड भिंत आणि दक्षिण दिशा त्याच्याकडे आधीपासून होतीच, म्हणून ती रुजली.

पुढचं पाऊल सेकमोलचं. 1988 मध्ये लडाखी विद्यार्थ्यांनी सुरू केलेली संस्था, सोनम वांगचुक त्यातले एक. दहावीत नापास झालेल्या मुलांसाठी त्यांनी सिंधूकाठी फे गावाजवळ शाळेचं आवार बांधलं, आणि बांधणारे हात मोठ्या प्रमाणात मुलांचेच. मी दोनदा जाऊन आलो. भिंती साच्यात माती ठोकून घडवलेल्या, इमारतींचं तोंड काटेकोर दक्षिणेला, मागची बाजू जमिनीच्या उतारात खुपसलेली. हिवाळ्यात दक्षिणेच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकचा पडदा सोडतात आणि त्याचं काचघर होतं, वसंतात तो गुंडाळून ठेवतात. एवढंच. बुखारी नाही. 2016 मध्ये या मातीच्या इमारतीला आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला. गलवाननंतर, 2021 च्या फेब्रुवारीत, वांगचुक यांनी जवानांसाठी उन्हावर तापणारा तंबू करून दाखवला. त्याचे फोटो पाहताना मला आमची ती चिमणी आठवली.

मी वहीत एक हिशेब मांडला, तो इथे देतो, कारण आपल्या लोकांना लिटरमध्ये सांगितलं की पटतं. लडाखच्या निरभ्र हिवाळी दिवशी दक्षिणेच्या उभ्या काचेच्या एका चौरस मीटरवर साधारण चार-पाच युनिट ऊन पडतं. एका लिटर रॉकेलमध्ये दहाएक युनिट ऊर्जा. म्हणजे दहा चौरस मीटर काच असेल तर रोज चार लिटर रॉकेल दाराशी येऊन पडतं. निम्मं वाया गेलं तरी दोन लिटर उरतं, आणि ते झोजिलावरून ट्रकने आणावं लागत नाही.

माती म्हणजे सगळं बरं, असंही नाही. 2010 च्या 5 ऑगस्टच्या रात्री लेहला ढगफुटी झाली, तेव्हा चिखलाच्या लोंढ्यात कच्च्या विटांची घरं विरघळून गेली. मेमे-लेंनी त्यानंतर बांधलेल्या खोलीत पाया उंच केला, कोपऱ्यांत काँक्रीट घातलं आणि छताला मोठ्या पन्हाळी लावल्या. भिंती मात्र मातीच्याच ठेवल्या.

त्यांना मी भावाचा फोन सांगितला. मोबाईलवर आमच्या घराचे फोटो दाखवले. त्यांनी माळवदाचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "साहब, हे तर आमचंच छत आहे. मर्कलक कुठून आणता?" मी म्हणालो, गावाच्या पांढरीतून. आणि मग मलाच मोजून बघावंसं वाटलं: तुळया, काठ्या, पाला, चिखल, पांढरी माती. थर तेच, क्रम तोच. दोन हजार किलोमीटरवरच्या दोन दुष्काळी मुलखांनी एकमेकांना न विचारता एकच छत बांधलं होतं.

मी उत्साहात म्हणालो, मग मीही दक्षिणेला काचेची खोली काढतो. मेमे-लेंनी विचारलं, "तुमच्याकडे थंडी किती?" मी सांगितलं, डिसेंबरात पहाटे दहा अंश, मे महिन्यात दुपारी चाळीस. ते हसायला लागले. "मग काच कशाला? भाजून निघाल."

रात्री खोलीवर येऊन सूर्याचे कोन काढले. नकाशा वाचायला शिकवलं होतं, त्याचा घरासाठी पहिल्यांदाच उपयोग केला. लेहला 22 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त साडेबत्तीस अंश वर असतो, म्हणून दक्षिणेची काच त्याला पूर्ण तोंड देते. माणमध्ये त्याच दुपारी तो जवळजवळ एकोणपन्नास अंशांवर असतो, आणि 21 जूनला तर डोक्यावरून पाचसहा अंश उत्तरेला सरकलेला. आमच्याकडे ऊन आत घ्यायचं नाही, अडवायचं आहे. शत्रू दोन: छत आणि पश्चिमेची भिंत. वडिलांच्या घराकडे या नजरेने मी कधी पाहिलंच नव्हतं. पश्चिमेला दोन हात जाडीची आंधळी भिंत. पूर्वेला सोपा. फूटभर मातीचं छत. उजेडाला आणि तापलेली हवा वर निघून जायला माळवदात सानं. लहानपणी त्या सान्यातून पडणारा उन्हाचा गोल सोप्यावर सरकताना बघून आई दूध तापवायची वेळ ठरवायची.

भावाला त्याच रात्री फोन केला. तो लगेच तयार झाला असं नाही. "माळवदावर दरवर्षी पावसाआधी माती कोण टाकणार? तू? सुट्टी मिळते का तुला तेव्हा?" प्रश्न रास्त आहे. साप, विंचू, वाळवी आणि गळती त्यानेच इतकी वर्षं सोसली आहे, मी नाही. त्याच्या दोन मुलींना वेगळी खोली आणि संडास-बाथरूम घरात हवं, हेही खरं.

दोन आठवडे भांडून आम्ही इथवर आलो आहोत. जुन्या दगडी भिंती राहतील. पश्चिमेला खिडकी नाही. मिस्त्रीने नकाशात काढलेली बाल्कनी रद्द, तिथे न्हाणीघर आणि कोठी, म्हणजे ऊन आधी त्यांनी खायचं. वाकलेल्या खणाच्या बाजूला स्लॅब, पण वर चुन्याचा पांढरा थर. मधल्या तीन खणांवर माळवदच, तुळया बदलून, आणि मातीखाली पाणी अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद. हे शेवटचं मेमे-लेंनी सुचवलं, त्यांनी स्वतःच्या छतात तेच केलंय.

काल मिस्त्रीचा निरोप आला, की माळवद करणारा माणूस आता पंचक्रोशीत एकच उरलाय, सत्तरीचा आहे, आणि त्याला मार्चच्या आधी गाठायला हवं. मी फेब्रुवारीची रजा टाकली आहे. आईने फोनवर एकच विचारलं, "सानं ठेवताय ना?"