वसईचे ताट व त्यातील शब्द

एखाद्या प्रदेशाची संस्कृती क्रमाने वाढलेल्या दहा-बारा पदार्थांतून पाहुण्यांपुढे मांडण्याची रीत अलीकडे मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत रूढ झाली आहे. कोपनहेगनमध्ये 2003 साली निघालेल्या 'नोमा'ने तिला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. मुंबईत 2016 साली सुरू झालेले 'मास्क' याच वाटेचे. अशा मांडणीत वसईच्या ख्रिस्ती समाजाचे खाणे आले, की ते बहुधा 'पोर्तुगीज वारसा' या एका शीर्षकाखाली येते. हे शीर्षक कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार पदार्थांच्या नावांच्या आधारे करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांस दिली व 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता सुमारे 205 वर्षे टिकली. ती संपून आता त्याहून अधिक काळ लोटला आहे. या दुसऱ्या कालखंडात येथील ख्रिस्ती स्वयंपाकघर मराठी बोलणाऱ्या स्त्रियांच्याच हाती होते, ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

पोर्तुगीजांबरोबर आलेल्या वस्तूंपैकी पाव, बटाटा, अननस, पपई व काजू यांनी आपली नावे सोबत आणली. मिरचीचे तसे झाले नाही. ती आली अमेरिकेतून, परंतु संस्कृत 'मरीच'पासून आलेल्या 'मिरी'च्या कुळात तिचे नाव बसले. वस्तू परकी, नाव घरचे! तेव्हा नावाचे मूळ आणि वस्तूचे मूळ एकच असते, असे गृहीत धरता येत नाही.

वसईच्या 'इंदियाल' या पदार्थाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सिरका व लसूण यांत मुरवलेल्या मांसाला पोर्तुगीजांत 'विन्या द आल्युश' म्हणत. 'आल्यु' म्हणजे लसूण. इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'विंदालू' झाले आणि पुढे त्यातील 'आलू' ऐकून कित्येक आचाऱ्यांनी त्यात बटाटे घातले. वसईकडील रूपात आरंभीचा 'व' नाही. विंचवाला 'इंचू', विळ्याला 'इळा', विस्तवाला 'इस्तू' म्हणणाऱ्या बोलींचाच हा नियम होय. ज्या शब्दावर मराठी बोलीचा ध्वनिनियम चालला, तो पोथीतून नव्हे, कानावाटे घरात आला व घरचा झाला, असे म्हणावयास हरकत नाही. उपाहारगृहाच्या पत्रिकेवर 'इंदियाल' खोडून 'विंदालू' लिहिले जाते तेव्हा हा सारा पुरावा पुसला जातो.

'फुगे' किंवा 'फुग्या' यांचे नाव तर सरळ 'फुगणे' या धातूवरून लागते. त्यासाठी लिस्बनपर्यंत जाण्याचे कारण नाही. मैदा, अंडी व नारळाचे दूध यांचे पीठ पूर्वी ताडीने आंबवीत. कल्पना युरोपीय पावाची, आंबवण वसईच्या ताडा-माडांची आणि तळण्याची कढई अर्थातच येथली. उन्हाळ्यात वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, तो 'बाटली मसाला'. त्याच्या नावात एक शब्द युरोपीय व दुसरा मूळचा अरबी आहे. तो ज्यांचा म्हणून विकला जातो, त्या 'ईस्ट इंडियन' समाजाचे हे नावही इंग्रजी अमदानीतले; 1887 साली स्थापन झालेल्या संस्थेने ते पक्के केले.

वसईतील सामवेदी ख्रिस्ती स्वतःस 'कुपारी' म्हणवितात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून, म्हणजे बाप्तिस्म्याने जुळणाऱ्या नात्यावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. मात्र त्यांची कादोडी अथवा सामवेदी बोली तेथील सामवेदी ब्राह्मणांचीही आहे. एकाच्या घरी डुकराचे मांस शिजते, दुसऱ्याच्या घरी ते वर्ज्य. पण बोली एक. केळीची बाग हा तर वसईच्या अनेक जातींचा समाईक ठेवा. आगाशीकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवितात आणि त्यांची 'सुकेळी' करतात. या नावात सुके व केळी हे दोन्ही शब्द अजून स्वच्छ दिसतात.

वसई-विरार महानगरपालिका 2009 मध्ये झाली, त्याच्या आधीपासूनच बागांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. बाग गेली म्हणजे सुकेळी बाजारातून आणता येतात. वाळवण घालताना बोलले जाणारे शब्द मात्र आणता येत नाहीत. म्हणून या पदार्थांची नावे, आणि त्यांच्या कृतींतील क्रियापदेही, कादोडी उच्चारासह आताच टिपून घ्यावयास हवीत. पाककृतींच्या पुस्तकांत ती बहुधा प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत उतरतात, आणि तेथे 'इंदियाल'मधील गेलेला 'व' पुन्हा परत येतो.