धाव ते टायर : फर्दापूरच्या घाटवाटेवरील चाकाच्या झिजेचा इतिहास

प्रस्तावना

वाहतुकीचा इतिहास बहुधा रस्ते, रेल्वे आणि वाहने यांच्या अंगाने लिहिला जातो. वाहन आणि रस्ता यांचा प्रत्यक्ष स्पर्श जेथे होतो, त्या चाकाच्या कडेकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक प्रवाशाची सुरक्षितता तळहाताएवढ्या त्या स्पर्शावर अवलंबून असते. चाक झिजले, हे कसे ओळखावे आणि ते कधी टाकून द्यावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने वेगळे दिले आहे. हे उत्तर वाहनाच्या वेगाबरोबर बदलत गेले, हे प्रस्तुत निबंधात फर्दापूरच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

फर्दापूर : घाटाच्या पायथ्याचे गाव

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी फर्दापूर वसले आहे. खानदेशातून मराठवाड्याच्या पठारावर चढणारी जुनी वाट येथून जाते. गावातील मुघलकालीन सराई या वाटेच्या महत्त्वाची साक्ष देते. १८१८ नंतर खानदेश इंग्रजी अमलाखाली गेला व फर्दापूर निजामाच्या राज्यात राहिले. त्यामुळे या गावाला सीमेवरील मुक्कामाचे स्वरूप आले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्यानंतर चित्रकार, संशोधक व प्रवासी यांची ये-जा या परिसरात वाढली. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर थांबण्याचे ठिकाण, हे फर्दापूरचे स्थान बैलगाडीच्या काळापासून आजवर टिकून आहे.

धावेचा काळ

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढविली जाई. तिला 'धाव' म्हणतात. लोहार धाव तापवून प्रसरण पावू देई, ती चाकावर बसवी आणि पाणी ओतून आवळून घेई. उन्हाळ्यात लाकूड आकसले की धाव सैल होई व तिचा खडखडाट ऐकू येई. झिजेची परीक्षा कान, डोळा आणि हात यांनी होत असे. चाकाने दगा देण्यापूर्वी सूचना मिळे, आणि बैलाच्या चालीमुळे त्या सूचनेचा विचार करण्यास वेळही मिळे. हे ज्ञान गाडीवान आणि लोहार यांच्यापाशी होते. त्यासाठी लेखी नियमाची आवश्यकता नव्हती.

रबराचे आगमन

१८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत टायरच्या पृष्ठभागावर खाचांची नक्षी आली आणि रबरात काजळी मिसळल्याने त्याचे आयुष्य वाढले. हैदराबाद संस्थानात १९३२ मध्ये निजाम राज्य रेल्वेच्या मोटार विभागाने २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक सेवा सुरू केली. मराठवाड्याच्या रस्त्यांवर रबरी चाक रुळू लागले.

या चाकाची झीज मात्र आवाज करीत नाही. धाव खडखडते, टायर मुकाट्याने गुळगुळीत होतो. त्यात टंचाईची भर पडली. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया जिंकल्यावर रबराचा पुरवठा तुटला आणि भारतात टायरच्या विक्रीवर निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतरही टायर ही महागडी वस्तू राहिली. आतील धागे दिसेपर्यंत टायर चालविणे आणि नंतर त्यावर नवे रबर चढवून घेणे, हा काटकसरीचा भाग झाला. अगदी निकामी झालेला टायरही वाया जात नसे. तो टायरगाडीला लागे, नाहीतर त्याच्या चपला होत. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. मोटारीला धोकादायक ठरलेला टायर बैलाच्या चालीने ओढल्या जाणाऱ्या गाडीला पुरेसा सुरक्षित होता. म्हणजेच 'झिजलेला' हा शब्द केवळ रबराची अवस्था सांगत नाही. रबर आणि वेग यांचे नाते त्यात अभिप्रेत असते.

मिलिमीटरचा कायदा

या नात्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण १९६० च्या दशकात मिळाले. अमेरिकेतील नासा या संस्थेने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ओल्या पृष्ठभागावर विशिष्ट वेगानंतर टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो, हे मांडले. नक्षीच्या खाचा पाणी बाहेर काढतात. खाचा उथळ झाल्या किंवा हवा कमी असली, तर कमी वेगातही टायर रस्ता सोडतो. त्यावेळी ब्रेक आणि सुकाणू दोन्ही निरुपयोगी ठरतात. पुढे अनेक देशांनी खाचेची किमान खोली कायद्याने ठरविली. ब्रिटनने १९६८ मध्ये १ मिलिमीटरची व १९९२ मध्ये मोटारींसाठी १.६ मिलिमीटरची मर्यादा घातली.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. धागे उघडे पडलेला किंवा फुगवटा आलेला टायर त्यानुसार वापरता येत नाही. खाचेची किमान खोली दुचाकी व तीनचाकीसाठी ०.८, तर इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरची मर्यादा संपली. 'टायर गोटा झाला' असे बोलीत म्हटले जाते, ती अवस्था यानंतरची होय. बोलीभाषेतील निदान कायद्याच्या मर्यादेपेक्षा उशिरा होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

खोली हा एकमेव निकष नाही. मध्यभागीची झीज जास्त हवा दर्शविते, दोन्ही कडांची झीज कमी हवा, तर एकाच कडेची झीज चाकांच्या जुळणीतील दोष. रबर वयानेही कडक होते व त्याला भेगा पडतात. २००० पासून टायरच्या बाजूवर निर्मितीचा आठवडा व वर्ष चार अंकांत नोंदविले जाते. नक्षी शाबूत असलेला जुना टायरही त्यामुळे ओळखता येतो.

तपासणीतील पोकळी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० मध्ये, सर्वसाधारण दक्षता घेतली असता लक्षात आला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन चालविणे शिक्षापात्र मानले आहे. कायदा येथे गाडीवानाच्या जुन्या नजरेवरच भिस्त ठेवतो. व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते आणि त्या काळात तिच्या टायरची नियमित सरकारी तपासणी होत नाही. एवढ्या अवधीत टायरचे एकाहून अधिक संच झिजून जातात.

या पोकळीचे परिणाम समृद्धी महामार्गावर दिसून आले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो याच जिल्ह्यातून जातो व तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरची वाहने परत पाठविण्यास सुरुवात केली. गावच्या रस्त्यावर वर्षभर निभावलेला टायर नव्या वेगापुढे अपुरा पडला.

समारोप

या शतकाच्या आरंभापासून लेण्यांकडे जाणारी खाजगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात व प्रवासी एस.टी.च्या बसने पुढे जातात. लेण्यांना धुरापासून वाचविण्यासाठी ही व्यवस्था झाली. पावसाळ्यात ओला घाट उतरून आलेली किंवा तो चढून परत जाणारी शेकडो चाके या वाहनतळावर काही तास स्थिर असतात. खाचेत बोट घालून पाहण्यास याहून योग्य जागा व वेळ नाही. धावेच्या काळात चाक स्वतः बोलत असे. टायर बोलत नाही. त्याला विचारावे लागते. वेग वाढला तसा विचारण्याचा क्षण अलीकडे आला, परंतु विचारण्याची सवय मात्र टंचाईच्या काळातलीच राहिली. चाकाच्या झिजेच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष हाच होय.