कार्यालयीन स्वच्छता व टापटीप : खारबाव परिसर

कामाची जागा केर, ओल, कीड आणि अडगळ यांपासून मुक्त ठेवणे, कागद व वस्तू हाताशी सापडतील अशा लावणे आणि कामासाठी आलेल्या माणसाला तेथे निःसंकोच वावरता येईल अशी व्यवस्था करणे, या तिन्ही गोष्टी कार्यालयीन स्वच्छतेत येतात. पहिली गोष्ट झाडूने साधते, दुसरीला पद्धत लागते, तिसरीला आस्था. नुसती चकचकीत फरशी असलेल्या कार्यालयात उतारा मिळायला तीन खेपा पडत असतील, तर ते कार्यालय स्वच्छ म्हणता येत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील खारबाव हे वसई रोड–दिवा लोहमार्गावरचे स्थानक असलेले गाव. चिंचोटी–अंजूरफाटा रस्ता याच भागातून जातो. ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, शाळा यांच्या कार्यालयांबरोबर भिवंडीच्या ग्रामीण पट्ट्यात वाढलेल्या गोदामांची लहानमोठी ऑफिसेही या टापूत येतात. या सर्वांना दोन शत्रू सारखेच आहेत : आठ महिने अवजड वाहनांनी उडवलेली धूळ आणि चार महिने खाडीकाठच्या पावसाळ्याची ओल.

धुळीचा बंदोबस्त क्रमाने करावा लागतो. आधी जळमटे, मग पंख्याची पाती, कपाटांचे माथे, खिडक्यांचे गज, टेबले आणि सर्वांत शेवटी फरशी. उलट क्रमाने केलेले काम दुसऱ्यांदा करावे लागते. कोरड्या केरसुणीने झाडले की बारीक धूळ हवेत उडते आणि तासाभरात पुन्हा कागदांवर बसते. म्हणून झाडलोट कार्यालय उघडण्याच्या बऱ्याच आधी उरकावी, टेबले ओलसर फडक्याने पुसावीत आणि फरशीवर ओला पोछा फिरवावा. पोछ्याचे पाणी गढूळ झाले की बदलायला हवे. त्याच पाण्याने चार खोल्या पुसल्या तर घाण एका खोलीतून दुसरीत जाते, एवढेच. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

ओलीचा प्रश्न अधिक अवघड, कारण तिचा घाला कागदांवर पडतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि कोकणपट्टीत पावसाळाभर आर्द्रता याहून जास्तच असते. बांधणीच्या खळीवर कसर जगते. वाळवी भिंतीच्या कडेने मातीच्या बारीक नळ्या करत चढते. अशी नळी दिसली की नुसती पुसून भागत नाही, तिचा माग काढून मुळाशी उपाय करावा लागतो. ग्रामपंचायतीचे दप्तर १ ते ३३ नमुन्यांत ठेवले जाते. त्यातील नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घरकुलाचा अर्ज असो, वीजजोडणी असो की वारसाची नोंद, गावकऱ्याला तिचा उतारा लागतो. अशा वहीच्या पानांचा कोपरा ओलीने चिकटला आणि ओढताना फाटला, तर एखाद्या घराची जुनी नोंदच जाते. यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवतात. गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता सुती रुमालात बांधतात, कारण प्लॅस्टिकच्या आत दमटपणा कोंडतो. उघडीप मिळाली की कपाटांची दारे उघडून पंखा लावावा. ओली वही उन्हात टाकू नये. पाने वाकडी होतात आणि शाई उडते. पानांमध्ये टीपकागद घालून ती सावलीत वाळवावी.

कागदांची शिस्त या विषयात महाराष्ट्राने स्वतःची परंपरा घडवली आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी कार्यालयात बैठकव्यवस्था व अभिलेख यांची नव्याने मांडणी केली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर गाजली. शासकीय कार्यालयांत रुळलेली सहा गठ्ठा पद्धतही नेमकी याच कामाची. प्रत्येक कर्मचाऱ्याकडचे कागद सहा भागांत लावायचे : चालू प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. निकाली कागदांचे वर्ग ठरलेले आहेत. ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ १ वर्ष. टेबलावरचा ढीग वाढतो तो बहुधा शेवटच्या दोन गठ्ठ्यांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. काय जपायचे हे ठरवणे जितके महत्त्वाचे, तितकेच मुदत संपलेले कागद नोंद करून वेळेवर काढणेही. पुणे विभागात चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये राबवलेल्या ‘झिरो पेंडन्सी’ (शून्य प्रलंबितता) मोहिमेचा आरंभही कागदांच्या वर्गीकरणापासूनच होता.

उद्योगजगतात याच विचाराचे जपानी रूप ‘फाइव्ह एस’ नावाने परिचित आहे : नको ते काढणे, हवे ते जागी लावणे, साफ करणे, त्याचा नेम ठरवणे आणि तो पाळणे. गोदामांच्या ऑफिसांना ते विशेष उपयोगी पडते. तेथे मालाच्या पावत्या, चलने, रिकामी खोकी आणि चिकटपट्ट्या दिवसभर साचत जातात. पुठ्ठ्याच्या ढिगात उंदीर व झुरळे घर करतात, म्हणून खोकी रोजच्या रोज चपटी करून बाहेर काढणे हाच खरा उपाय. विषारी गोळ्या त्यानंतरच्या.

कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करावा. चहाचा चोथा व डब्यातले उरलेले अन्न ओल्यात, कागद व पुठ्ठा सुक्यात. जुने संगणक, बॅटऱ्या व ट्यूबलाइट यांना वेगळी वाट लागते. आरोग्य केंद्रात जैववैद्यकीय कचऱ्यासाठी पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी रंगवार विभागणी बंधनकारक आहे. सार्वजनिक आरोग्य संस्थांच्या स्वच्छतेसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये ‘कायाकल्प’ योजना सुरू केली, तिच्या मूल्यमापनात ही विभागणी तपासली जाते. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली, कूलर आणि गच्चीवरची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करावी लागते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासूनची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि आठवड्याचा नेम ती मध्येच तोडतो.

आलेल्या माणसाचे स्वागत हा स्वच्छतेचाच भाग आहे. पिण्याचे पाणी, बसायला बाक, वर चालू पंखा आणि पायऱ्यांशेजारी उतरण, एवढे तरी हवेच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवांची यादी, मुदत, शुल्क व जबाबदार अधिकारी दर्शविणारा फलक लावावा लागतो. तो कपाटाआड किंवा जुन्या भित्तिपत्रकांखाली झाकला गेला असेल तर लावून न लावल्यासारखाच. खरी कसोटी मात्र स्वच्छतागृहाची. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली कोणाच्या तरी खणात, हा प्रकार अनेक ठिकाणी आढळतो आणि तो क्षम्य नाही. किल्ली मागावी लागणे हीच अडवणूक आहे. गोदामांवर माल उतरेपर्यंत ताटकळणाऱ्या ट्रकचालकालाही पाणी आणि शौचालय मिळायला हवे. तो त्या ऑफिसचा पाहुणाच असतो. ठरावीक संख्येने कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना लागू होणाऱ्या २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात स्वच्छता, पिण्याचे पाणी व प्रसाधनगृह यांची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

राज्यात ग्रामस्वच्छतेला चालना मिळाली ती २०००-०१ मध्ये ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे. २०२५ च्या आरंभी राज्य शासनाने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम राबवला. त्याच्या सात मुद्द्यांत संकेतस्थळ व तक्रार निवारण यांच्या जोडीने स्वच्छता आणि कार्यालयातील सोयी हेही स्वतंत्र मुद्दे होते. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केले. मोहिमांचा उपयोग निश्चित होतो, पण तपासणीच्या आदल्या रात्री रंगवलेली भिंत पहिल्या पावसात पुन्हा ओल धरते. टिकते ते रोजचे काम. ते करणाऱ्या सफाई कामगाराला हातमोजे, गमबूट, साबण आणि वेळेवर मजुरी देणे हा खर्च स्वच्छतेच्या हिशेबात पहिला धरायला हवा.

अडगळीचे एक कारण नियमांतच दडलेले असते. मोडकी खुर्ची किंवा बंद पडलेला प्रिंटर सरकारी कार्यालयातून सहज टाकून देता येत नाही, कारण तो डेडस्टॉक रजिस्टरला नोंदलेला असतो. त्यासाठी निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते, मग लिलाव किंवा विल्हेवाट. वर्षातून एकदा, साठ्याची पडताळणी होते त्याच वेळी, हा प्रस्ताव तयार केला तर जिन्याखालची जागा पावसाळ्यापूर्वी मोकळी होते.