कांचेंतलें सरोवर

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा नऊ वर्षांचा नातू एक चित्र घेऊन माझ्यापुढें उभा राहिला. चित्रांतला प्राणी गुलाबी रंगाचा, पालीच्या बांध्याचा, रुंद तोंडाचा. आणि मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे तीन तीन तुरे. "आजोबा, हा ॲक्सोलॉटल. आपल्या घरच्या कांचेच्या पेटींत गप्पी मासे आहेत ना, त्यांत याला ठेवला तर चालेल का?" मुलांच्या एका संगणकी खेळांत २०२१ सालीं हा प्राणी आला आणि तेव्हांपासून तो बालगोपाळांचा लाडका झाला आहे, हें मला नंतर समजलें. ज्यानें सारा जन्म फळ्यापुढें घालविला, त्याला नातवापुढें "मला ठाऊक नाहीं" असें म्हणणें जड जातें. मीं मुदत मागून घेतली आणि वाचावयास बसलों. वाचतां वाचतां एका पेटीचा प्रश्न एका सरोवराचा झाला. ती हकीकत आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या कुळाची ओळख करून घेऊं. सॅलॅमँडर आणि न्यूट हे बेडकाचे भाऊबंद. आकार पालीचा, पण अंगावर खवले नाहींत. कातडी बेडकासारखी ओलसर. मराठींत त्यांना नांव नाहीं, कारण आपल्या सह्याद्रींत ते नाहींतच. उभयचरांपैकीं बेडूक आपल्याकडे विपुल आहेत, आणि मातींत राहणारें देवगांडूळहि आहे. पण शेपटीचा उभयचर पाहावयाचा तर भारतांत पूर्व हिमालयांत, दार्जिलिंगच्या बाजूस जावें लागतें. तेथें थंड डबक्यांत एक न्यूट राहतो. उत्तर गोलार्धांतील थंड देशांत मात्र हे प्राणी मुलांच्या ओळखीचे, आणि म्हणूनच घरांत मत्स्यपेटी ठेवण्याची हौस जेथें जन्मली, तेथें माशांच्या पाठोपाठ हेहि पेटींत आले.

ही हौस फार जुनी नाहीं. भांड्यांत मासा ठेवण्याची चाल चीनमध्यें पूर्वापार होती. पण पाणी रोज बदलल्यावांचून मासा जगवावा कसा, हें कोडें सुटलें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. इंग्लंडांत कांचेवरील कर १८४५ सालीं उठला आणि कांच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या लंडनच्या रसायनज्ञानें एका कांचपात्रांत दोन लहान सोनमासे आणि पाण्यांत वाढणारी एक वनस्पति ठेविली. मासे जो वायु टाकतात तो वनस्पतीनें घ्यावा, आणि वनस्पति जो प्राणवायु सोडते तो माशांनीं घ्यावा, अशी त्याची योजना. पण पानें कुजूं लागलीं, पाणी गढुळलें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या कांहीं गोगलगायी आंत सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, पाणी निवळलें. आणि त्यांचीं अंडीं माशांचें खाद्य झालीं. हा प्रयोग त्यानें १८५० सालीं विद्वानांपुढें मांडला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकानें 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर पोंचविला.

जर्मनींत हें लोण पोंचविणारा गृहस्थ माझ्यासारख्या शिक्षकाला विशेष जवळचा वाटतो. एमिल आडोल्फ रॉसमेस्लर हा निसर्गशास्त्राचा प्राध्यापक. १८४८ च्या क्रांतींत लोकपक्षाला मिळाल्यामुळें त्याची जागा गेली. वर्ग सुटला म्हणून त्यानें शिकविणें सोडलें नाहीं. साऱ्या जनतेलाच वर्ग मानून तो लिहूं लागला. १८५६ सालीं एका लोकप्रिय नियतकालिकांत त्यानें गोड्या पाण्याच्या पेटीवर लेख लिहिला. त्याचें नांव होतें 'कांचेंतलें सरोवर'. तेंच नांव मीं आजच्या भाषणाला उसनें घेतलें आहे. नांव सुंदर आहे. पण त्यांत एक फसगतहि आहे, ती पुढें ध्यानांत येईल.

आतां खऱ्या सरोवराकडे वळूं. मेक्सिकोच्या पठारावर सोचिमिल्को आणि चाल्को हीं दोन सरोवरें होतीं. ॲक्सोलॉटलचें जगांतलें मूळ घर तेवढेंच. त्याच्या नांवांतला 'आत्ल' म्हणजे पाणी आणि 'शोलोत्ल' हा तेथील एक देव. सहागुन नांवाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकानें सोळाव्या शतकांत तेथील लोकांच्या तोंडून एक कथा उतरून घेतली आहे. सूर्य चालावा म्हणून सर्व देवांनीं आत्मबलि द्यावयाचा ठरलें. शोलोत्ल मात्र मरणाला भ्याला आणि पळाला. तो मक्याच्या शेतांत जोडकणीस झाला, मग घायपातींत जोडझाड झाला, आणि शेवटीं पाण्यांत शिरून ॲक्सोलॉटल झाला. तेथें तो सांपडला व मारला गेला. त्या सरोवरांच्या काठचे शेतकरी उथळ पाण्यांत चिखलाचे वाफे रचून त्यांवर पीक काढीत. या वाफ्यांना चिनाम्पा म्हणतात. मधल्या कालव्यांतून ॲक्सोलॉटल विपुल असे, आणि लोक तो आवडीनें खात.

१५२१ सालीं स्पेनच्या सैन्यानें टेनोच्टिट्लान ही राजधानी घेतली. नव्या धन्यांना पाण्यांतलें शहर रुचलें नाहीं. पुराच्या भयानें १६०७ सालीं सरोवरांचें पाणी काढून देण्याचें मोठें काम सुरू झालें, आणि तें पुढें शतकानुशतकें चालत राहिलें. आज चाल्को जवळजवळ नाहींसें झालें आहे, आणि सोचिमिल्कोचे राहिले आहेत ते कालवे.

या प्राण्याला पॅरिसची वाट दाखविली ती लढाईनें. तिसऱ्या नेपोलियनचें सैन्य मेक्सिकोंत उतरलें होतें. पॅरिसमध्यें परदेशचे उपयुक्त प्राणी फ्रान्सच्या हवेंत रुजविण्यासाठीं एक संस्था १८५४ पासून काम करीत होती, आणि १८६० मध्यें तिचें उद्यानहि उघडलें होतें. मेक्सिकोहून या उद्यानाकडे चौतीस जिवंत ॲक्सोलॉटल रवाना झाले, आणि १८६४ च्या आरंभीं ते पॅरिसला पोंचले. मॅक्सिमिलियन बादशहाचें जें राज्य त्या सैन्यानें उभें केलें तें १८६७ सालीं त्याच्या वधाबरोबर संपलें. या चौतीस प्राण्यांचा वंश मात्र आजतागायत चालू आहे.

त्यांतले सहा ओग्युस्त द्युमेरिल या शास्त्रज्ञाच्या हातीं आले. १८६५ च्या आरंभीं त्यांनीं अंडीं घातलीं. पिलें वाढलीं, आणि त्याच वर्षीं त्यांतल्या कांहींनीं द्युमेरिलला थक्क केलें. त्यांचे तुरे, म्हणजे बाहेरचे कल्ले, झडले. शेपटीवरचा पडदा आटला. आणि तीं पाणी सोडून जमिनीवर चालणारे सॅलॅमँडर बनलीं! जन्मदाते मात्र होते तसेच पाण्यांत. हें डिंभ, म्हणजे अपुऱ्या वाढीचें पिलूं असावें असा तर्क कुव्हिए या पंडितानें शतकाच्या आरंभीं केला होता. पण पिलूंच पिलांना जन्म देतें, हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. पुढें जर्मनींत मारी फॉन शोव्हां या विदुषीनें पाणी हळूहळू उथळ करीत जाऊन ॲक्सोलॉटलला जमिनीवर आणून दाखविलें. १९२० सालीं ज्यूलियन हक्स्ली यानें गुरांच्या अवटु ग्रंथीचा अंश खाऊं घालून तेंच घडविलें. या प्राण्याची ती ग्रंथि मंद असल्यामुळें त्याचें बालपण सरत नाहीं, असा उलगडा झाला.

पण श्रोते हो, हा वंश युरोपभर पसरला तो केवळ पंडितांमुळें नव्हे. द्युमेरिलनें पिलें मुक्तहस्तानें वांटलीं, आणि तीं घरोघरच्या कांचपेट्यांत वाढविलीं हौशी लोकांनीं. त्याच सुमारास, १८६९ सालीं, पॅरिसच्या कार्बोनिए या मत्स्यशौकिनाकडे चीनहून स्वर्गमासे आले. त्यांचा नर पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाचें घरटें बांधतो आणि अंडीं राखतो. मग काय! ज्याच्या घरीं पेटी होती, त्याला वाटूं लागलें कीं या एका पेटींत सारें जग नांदावें: इकडे ॲक्सोलॉटल, तिकडे न्यूट, मधून स्वर्गमासा.

तें नांदत नाहीं. ॲक्सोलॉटलचे तुरे हलतात ते माशाला किड्यासारखे वाटतात, आणि तो ते तोडतो. उलट, लहान मासा पुढें आला कीं ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. माशाला कांटे असले तर ते त्याच्याच घशांत अडकतात. याला पाणी हवें सोळा ते अठरा अंशांचें. उष्ण देशांतल्या माशांना पंचवीसच्या आसपास. जपानी न्यूटच्या कातडींत तर तेंच विष असतें जें फुगणाऱ्या माशांत सांपडतें. त्याला गिळणारा मासा वांचणें कठीण.

हें वाचतांना मला माझ्या नोकरीच्या आरंभींची एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. एका पावसाळ्यांत मुलांनीं डबक्यांतून बेडकांचीं पिलें आणलीं. वर्गांत मोठी बरणी होती. तींत तीं सोडलीं. पाय फुटतील, शेपटी जाईल, मुलें रोज पाहतील, असा माझा बेत. बरणी रिकामी रिकामी दिसते म्हणून शनिवारीं मीं ओढ्यांतले चार मासे तींत सोडले. सोमवारीं पाहतों तों पिलांच्या शेपट्या कुरतडलेल्या. गुरुवारीं एकहि पिलूं उरलें नव्हतें. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, बेडूक कोठें गेले?" मीं म्हणालों, "मोठे झाले आणि उडी मारून गेले." मुलें हंसलीं. मी खोटें बोललों होतों.

माझ्या बरणींत जें घडलें, तेंच मोठ्या प्रमाणावर सोचिमिल्कोंत घडलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोकांना स्वस्त अन्न मिळावें या सद्धेतूनें त्या पाण्यांत कार्प आणि टिलापिया हे परके मासे सोडण्यांत आले. हा टिलापिया म्हणजे आपल्या बाजारांतला चिलापी. मूळचा आफ्रिकेचा, भारतांत तो १९५२ सालीं आला. या माशांनीं ॲक्सोलॉटलचीं अंडीं व पिलें खाल्लीं, आणि त्याच्या वांट्याचें अन्नहि. शहर वाढलें, सांडपाणी कालव्यांत उतरलें. १९९८ च्या मोजणींत दर चौरस किलोमीटरला सुमारें ६००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ च्या मोजणींत सुमारें ३६. २००६ सालीं त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत झाली. २०२१ मध्यें मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नोटेवर त्याचें चित्र आलें. म्हणजे प्राणी पाण्यांतून ओसरत गेला आणि कागदावर अवतरला!

कोणी म्हणेल, त्यांत एवढें काय बिघडलें? जगभरच्या पेट्यांत आणि प्रयोगशाळांत तो आहेच कीं! आहे खरा. तुटलेला पाय पुन्हां उगवणाऱ्या या प्राण्यावर मोठें संशोधन चाललें आहे. पण पेटींतला वंश मूठभर पूर्वजांपासूनचा, वारंवार जवळच्या नात्यांत वाढलेला. १९६२ सालीं तर अमेरिकेंतील एका प्रयोगांत त्याचा दुसऱ्या जातीच्या सॅलॅमँडरशीं संकरहि झाला. शिवाय पेटींतून रोग बाहेर पडतो. २०१० पासून नेदरलँड्समधील काळ्यापिवळ्या सॅलॅमँडरांची संख्या एकाएकीं कोसळली. कातडी खाणारी एक बुरशी २०१३ मध्यें शोधून काढण्यांत आली. ती पूर्व आशियाची, आणि हौशी लोकांसाठीं चालणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारांतून युरोपांत आली असावी, असें संशोधकांचें अनुमान. २०१६ सालीं अमेरिकेनें सॅलॅमँडरांच्या २०१ जातींच्या आयातीस बंदी केली ती याच भयानें. म्हणून पेटींतला प्राणी उचलून नदींत सोडणें हें पुण्य नव्हे.

आतां शेवटची, आणि आशेची, गोष्ट. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठांतील लुईस झाम्ब्रानो आणि त्यांचे सहकारी जुन्या चिनाम्पा शेतकऱ्यांच्या मदतीनें कालव्यांचे कांहीं भाग निराळे राखीत आहेत. त्यांच्या तोंडाशीं जाळीचे अडथळे बसवितात. पाणी गाळून आंत येतें, परके मासे बाहेर राहतात. जपून वाढविलेले कांहीं ॲक्सोलॉटल अशा सुधारलेल्या पाण्यांत सोडले असतां ते जगले आणि पुन्हां धरलेल्यांचें वजनहि वाढलेलें आढळलें, असा वृत्तांत २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला आहे.

रॉसमेस्लरच्या नांवांतली फसगत मीं म्हटली ती हीच. कांचेंत सरोवर मावत नाहीं. मावतो तो सरोवराचा एक धडा. वॉरिंग्टनच्या गोगलगायी तेथें उपयोगी पडल्या, कारण त्या पात्रांतले जीव एकमेकांची गरज पुरवीत होते. जें एकत्र वाढलेलें नाहीं तें शोभेसाठीं किंवा सोयीसाठीं एकत्र कोंबलें, कीं दुबळ्याचा नाश ठरलेला. मग पात्र बरणीएवढें असो कीं सरोवराएवढें.

नातवाला मीं सांगितलें, "नाहीं रे बाळा, ते एकत्र राहणार नाहींत." आणि मग त्या बरणीची गोष्टहि सांगितली, बेडूक खरे कोठें गेले, तें. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, त्या मुलांना कोण सांगणार?"

तीं मुलें आतां स्वतः आजोबा-आजी होण्याच्या वयाचीं झालीं असतील. त्यांच्यापैकीं कोणी आज हें भाषण ऐकत असेल, तर हें उत्तर त्यांच्यासाठीं आहे. उशीर झाला, याची क्षमा असावी.