चुना विसरलेल्या भिंती

अजिंठ्याची चित्रं दगडावर काढलेली आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. ती आहेत गिलाव्यावर. खडबडीत कातळावर मातीचा लेप, त्यात भाताचं तूस आणि झाडापानांचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात. तो वाळल्यावर रंग. कातळ आजही उभा आहे, पण जिथे हा थर सुटला तिथलं चित्र कायमचं गेलं. तेव्हापासून जुनी इमारत दिसली की मी आधी तिचा गिलावा बघतो.

चुन्याची गोष्ट मजेदार आहे. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कोकण-गोव्यात त्यासाठी शिंपलेही भाजत. हा चुना पाण्यात विरवायचा, मुरवायचा, वाळू घालून मळायचा. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असं काय काय गवंडी त्यात घालत. लोहगडावर महादरवाजातून आत गेलात की चुना मळायची घाणी दिसते: गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं जड चाक. बरेच जण तिच्याजवळ फोटो काढून पुढे जातात. गड बांधणारा चुना अशाच घाण्यांत मळला जाई.

मग सिमेंट आलं. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिननं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यात ते तयार होऊ लागलं. चुन्याला आठवडे लागत, सिमेंट काही तासांत धरतं. नव्या बांधकामाला ते वरदानच ठरलं. घोळ झाला जुन्या भिंतींच्या डागडुजीत.

वाड्याची वीट-चुन्याची भिंत जमिनीतली, पावसातली ओल पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार सिमेंटमागे साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि वीट भुसभुशीत होते. काही वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा पडतो, तो विटेचा तोंडवळाही सोबत घेऊन. मग सगळे म्हणतात, वाडा जुना झाला, पाडा.

मजबुतीचा हा मोह नवा नाही. १९२०च्या सुमारास निजाम सरकारनं अजिंठ्याच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, हे मोठंच काम. पण चित्रांवर लावलेलं लाखेचं वॉर्निश पुढे काळवंडलं आणि ते काढण्यात पुढच्या पिढ्यांचे हात गुंतले. हेतू चांगला होता. पदार्थ त्या भिंतीचा नव्हता.

गिलाव्यानं भिंतीसाठी झिजायचं असतं. दिवाळीआधी घराला चुन्याचा हात द्यायची पद्धत होती, ती याच समजुतीतून: वरचा थर जाणार, तो पुन्हा द्यायचा, भिंत टिकवायची. सिमेंट मात्र स्वतः झिजत नाही, भिंतीला झिजवतं. तुमच्या गावातल्या वाड्याची, देवळाची, वेशीची दुरुस्ती निघाली, तर वर्गणी देण्याआधी एवढंच विचारा: गिलावा चुन्याचा करणार की सिमेंटचा?